स्थिर राहिले तेवढेच उरले

श्रोतेहो, जुने छायाचित्र हाती आले की त्यात काय दिसते, हे आपण लगेच पाहतो. त्या काळच्या कॅमेऱ्याला काय टिपताच येत नव्हते, हा प्रश्न मात्र आपल्या मनात सहसा येत नाही. मला आज याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे, कारण त्यावाचून त्या काळचे रोजचे जगणेही नीट वाचता येत नाही आणि युद्धही.

छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले फ्रेंच लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसमधल्या एका रुंद रस्त्याचे छायाचित्र उंचावरच्या खिडकीतून घेतले. रस्ता वर्दळीचा, पण चित्रात तो ओस पडलेला दिसतो. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत आणि तेवढ्या वेळात जे जे चालत-धावत होते, त्याचा मागमूसही उरत नसे. उरला तो कोपऱ्यावर बूट साफ करून घेणारा एक गृहस्थ, कारण एक पाय वर ठेवून तो पुरेसा वेळ उभा राहिला. त्याच्या पायाशी बसलेला, ज्याचे हात सतत चालू होते तो बूट साफ करणारा मात्र पुसट डागासारखा दिसतो. मला हे चित्र वारंवार पाहावेसे वाटते ते याच कारणाने. ज्याला थांबायची सवड होती तो ठळक झाला आणि जो राबत होता तो धूसर झाला. असे व्हावे असे कोणी ठरवले नव्हते. तंत्राच्या मर्यादेनेच ते घडले.

हीच मर्यादा घेऊन छायाचित्रकार रणांगणावर गेले. ब्रिटिश छायाचित्रकार रॉजर फेंटन १८५५ मध्ये, ब्रिटन-फ्रान्स आणि रशिया यांच्यातल्या क्रिमियाच्या युद्धभूमीवर पोहोचले, तेव्हा दारूच्या व्यापाऱ्याची जुनी घोडागाडी हीच त्यांची अंधारखोली होती. काचेला कलोडियन या चिकट रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी ते धुऊन काढायचे, अशी ती रीत. उन्हाने तापलेल्या गाडीत हा थर लवकर वाळे. एवढ्या खटाटोपात धावता घोडा किंवा उडणारा धुरळा टिपणे शक्यच नव्हते. म्हणूनच फेंटन यांच्या साडेतीनशेहून अधिक चित्रांत छावण्या, तंबू आणि निवांत बसलेले अधिकारी आहेत. प्रत्यक्ष लढाई नाही.

त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र एका निर्मनुष्य दरीचे आहे. त्याच जागेवरून घेतलेली दोन चित्रे आज उपलब्ध आहेत; एकात तोफगोळे रस्त्याच्या कडेला आहेत, दुसऱ्यात ते रस्त्यावरही विखुरलेले आहेत. आधीचे कोणते, यावर बराच वाद झाला. अखेर उतारावरच्या लहानशा दगडांनी त्याचा उलगडा केला. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिल्यावर काही दगड दुसऱ्या चित्रात किंचित खाली सरकलेले आढळले, आणि दगड आपोआप चढ चढत नसल्याने मोकळा रस्ता आधीचा ठरला. गोळे रस्त्यावर कोणी व कशासाठी आणले, हे मात्र दगड सांगू शकत नाहीत.

रणभूमीवर सर्वांत निश्चल असतो तो मृतदेह, हे पुढच्या छायाचित्रकारांनी ओळखले. अमेरिकेच्या यादवी युद्धातली अँटिएटमची लढाई १७ सप्टेंबर १८६२ रोजी झाली आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या मृतांची छायाचित्रे न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकार मॅथ्यू ब्रेडी यांच्या दालनात मांडली गेली. ती घेणाऱ्यांपैकी अलेक्झांडर गार्डनर यांनी पुढच्या वर्षी त्याच युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर एका तरुण सैनिकाचा देह मूळ जागेवरून हलवून दगडांच्या आडोशाला ठेवला, हे शतकभरानंतर बारकाईच्या अभ्यासातून उघड झाले. माझ्या मते याला नुसती लबाडी म्हणून सोडून देणे पुरेसे नाही. तो तरुण खरोखरच त्या लढाईत मेला होता. चित्राने फसवले ते त्याच्या मृत्यूच्या जागेबद्दल आणि कहाणीबद्दल, म्हणून अशा चित्राखालची ओळ चित्राइतक्याच संशयाने वाचावी लागते.

कॅमेरा हातात मावू लागला आणि चित्र क्षणार्धात निघू लागले, तेव्हा परिस्थिती पालटली. पहिल्या महायुद्धात कित्येक सैनिकांच्या खिशात घडीचा छोटा कॅमेरा होता. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी गोळीबार आपोआप थांबला आणि दोन्ही बाजूंचे सैनिक खंदकांतून बाहेर येऊन एकमेकांना भेटले. त्या भेटीची छायाचित्रे काढणारे हौशी सैनिकच होते. त्यांपैकी एक ८ जानेवारी १९१५ रोजी लंडनच्या ‘डेली मिरर’ने पहिल्या पानावर छापले. पुढे सैन्याने सैनिकांच्या कॅमेऱ्यांवर कडक बंदी घातली.

त्या चित्रात ब्रिटिश आणि जर्मन सैनिक मिसळून उभे आहेत. आता कॅमेऱ्यासाठी कोणी मिनिटभर थिजून राहण्याची गरज उरली नव्हती. तरीही ते थांबले आहेत, कॅमेऱ्याकडे पाहत, एकमेकांना खेटून, आपणहून.