मदत घेतलेल्या हातांनी मदत देताना : दक्षिण कोरियाचा अनुभव

मित्रहो,

१ जानेवारी २०१० रोजी दक्षिण कोरिया ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीचा सभासद झाला, म्हणजे जगाला मदत देणाऱ्या प्रमुख देशांच्या पंगतीत बसला. त्याच्या जेमतेम दहा वर्षे आधीपर्यंत याच समितीच्या मदतपात्र देशांच्या यादीत त्याचे नाव होते. ही कहाणी बहुधा यशोगाथा म्हणून सांगितली जाते, आणि तशी ती आहेही. मला मात्र आज वेगळा प्रश्न मांडायचा आहे. मदत घेत असताना कोरियाने देणाऱ्याशी वाद घालण्याचा जो हक्क बजावला, तोच हक्क आज तो आपल्याकडून मदत घेणाऱ्यांना देतो का?

१९५३ मध्ये उत्तर कोरियाशी चाललेले युद्ध थांबले तेव्हा देश उद्ध्वस्त झालेला होता. पुनर्बांधणीसाठी संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर १९५० मध्येच एक स्वतंत्र संस्था स्थापन केली होती. तिच्या आणि युनेस्कोच्या मदतीने १९५४ मध्ये पाठ्यपुस्तकांचा छापखाना उभा राहिला. पुढे संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झालेले बान की-मून हे त्याच पुस्तकांवर शिकलेल्या पिढीतले. इंचनचा काचकारखाना आणि मुनग्यॉंगचा सिमेंटचा कारखाना हीदेखील याच मदतीची फळे.

पण मोठा ओघ अमेरिकेचा होता, आणि त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतून गहू, कापूस, खत असा माल येई, तो बाजारात विकला जाई, आणि विक्रीतून आलेले स्थानिक चलन एका वेगळ्या खात्यात जमा होई. हे पैसे कशावर खर्च करायचे, हे अमेरिकन अधिकाऱ्यांशी सल्लामसलत करून ठरे, आणि सरकारच्या अंदाजपत्रकाचा फार मोठा भाग याच खात्यावर चाले. स्वतंत्र देशाचे अंदाजपत्रक बनताना परका अधिकारी शेजारी बसलेला असणे म्हणजे काय, याची कल्पना आपण करून पाहावी. आधी महागाई आवरा, असे अमेरिकनांचे म्हणणे होते. आम्हाला कारखाने हवेत, असा अध्यक्ष सिंगमन री यांचा हट्ट होता. री यांची राजवट हुकूमशाहीकडे झुकलेली आणि भ्रष्ट होती, हे मान्य करूनही या एका वादात ते बरोबर होते, असे मला वाटते. चुंगजूचा खतकारखाना १९६१ मध्ये पूर्ण झाला, तोही अमेरिकेच्याच पैशातून. पण कारखाना हवा, हा आग्रह कोरियाचा होता.

या मदतीने नुकसानही केले. स्वस्त अमेरिकन गहू, साखर आणि कापूस यांवर पीठगिरण्या, साखर-शुद्धीकरण आणि सूतगिरण्या फोफावल्या. कोरियन लोक त्यांना 'तीन पांढरे उद्योग' म्हणत. गिरणीमालक श्रीमंत झाले, पण कोरियन शेतकऱ्याचा गहू आणि कापूस जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे गाजरगवत अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हाबरोबर आले, अशी समजूत आजही गावोगाव ऐकू येते. ती खरी असो वा नसो, फुकटच्या धान्याबरोबर आणखी काय येते, याची शंका शेतकऱ्याच्या मनात किती खोल रुजलेली असते, हे त्यातून कळते.

देणाऱ्याचा सल्ला नाकारण्याचे सर्वांत ठळक उदाहरण पोहांगच्या पोलाद कारखान्याचे आहे. हा प्रकल्प परवडणारा नाही, असे मत जागतिक बँकेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस दिले आणि पाश्चात्त्य कंपन्यांचा गट मागे हटला. तेव्हा १९६५ च्या करारानुसार जपानकडून मिळणाऱ्या रकमेतला मोठा वाटा कोरियाने पोलादाकडे वळवला, आणि १९७३ मध्ये भट्टीतून पहिले लोखंड बाहेर पडले. याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. जपानी वसाहतकाळाच्या जखमांचा हिशेब इतक्या स्वस्तात मिटवू नका, म्हणून हजारो विद्यार्थी या करारावरील वाटाघाटींविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, आणि १९६४ मध्ये सोलमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला होता. वेठबिगारीत राबवल्या गेलेल्यांची तक्रार आजही मिटलेली नाही.

आता देणाऱ्या कोरियाकडे वळू. सवलतीच्या कर्जांसाठी १९८७ मध्ये निधी स्थापन झाला आणि अनुदान व प्रशिक्षणासाठी १९९१ मध्ये 'कोइका' ही संस्था. पहिला अर्थ मंत्रालयाकडे, दुसरी परराष्ट्र मंत्रालयाकडे. दोघांचे ताल अनेकदा जुळत नाहीत. बाहेर सर्वाधिक गाजावाजा झाला तो 'सेमाउल' या ग्रामचळवळीचा. १९७० मध्ये सरकारने सुमारे ३३ हजार गावांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट दिले. ज्या गावांनी त्याचे काही चांगले केले, त्यांनाच पुढच्या खेपेला जास्त सिमेंट आणि एक टन लोखंडी सळ्या मिळाल्या. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावागावांतली चुरस पाहिलेल्यांना यामागचे मर्म वेगळे सांगायला नको. पण सिमेंट पोहोचण्यापूर्वी १९५० च्या सुमारास कोरियात जमिनीचे फेरवाटप झालेले होते आणि शाळाही गावात पोहोचलेली होती. शिवाय त्या काळात देशात पार्क चुंग-ही यांची कठोर राजवट होती. जिथे जमीन मूठभरांच्या हाती आहे, तिथे नेलेले सेमाउल म्हणजे पाया सोडून उचललेला कळस होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट व्हिएतनाममध्ये कोरियाने जे केले ते मला जास्त मोलाचे वाटते. १९६६ मध्ये अमेरिकेच्या साहाय्याने सोलमध्ये विज्ञान-तंत्रज्ञान संस्था उभी राहिली होती. परदेशी गेलेले कोरियन शास्त्रज्ञ तिने चांगले वेतन देऊन परत आणले. त्याच धर्तीची संस्था हनोईजवळ उभारायला कोरियाने मदत केली. स्वतःला मिळालेल्या मदतीतले जे खरोखर उपयोगी पडले, तेच पुढे देणे, हा विचार त्यात दिसतो.

मदत घेणाऱ्या देशाने आपल्या विकासाची दिशा स्वतः ठरवावी, हे तत्त्व विकास-मदतीवरील २०११ च्या बुसान परिषदेत यजमान कोरियाच्या साक्षीने पुन्हा मांडले गेले. व्यवहार त्याच्या मागे रेंगाळतो. २०१५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.२५ टक्के मदत देऊ, हे वचन पुरे झाले नाही. कर्जांचा वाटा मोठा आहे आणि त्यांतली बरीच कामे कोरियन कंपन्यांकडेच जातात. जुलै २०१८ मध्ये लाओसमधील एका जलविद्युत प्रकल्पाचा उपबांध फुटला, माणसे वाहून गेली आणि हजारो बेघर झाली. बांधकाम कोरियन कंपनीचे होते, आणि लाओस सरकारच्या भागभांडवलासाठी कर्ज कोरियाच्याच विकास निधीने दिले होते. त्या खेड्यांतल्या माणसांना, पोहांगच्या वेळी कोरियाने जागतिक बँकेला सुनावले तसे, 'आम्हाला हे मान्य नाही' असे म्हणण्याची जागा कुठे होती?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरील अत्याधुनिक वाहतूक-नियंत्रण यंत्रणेसाठी याच निधीतून सुमारे दीड हजार कोटी रुपयांच्या कर्जाचा करार २०२३ मध्ये झाला. भारतातला या निधीचा हा पहिलाच प्रकल्प. यंत्रे कोणाकडून घ्यायची, दुरुस्ती कोण करणार, सुटे भाग किती वर्षे मिळणार, आपले अभियंते ती यंत्रणा उघडून पाहू शकतील की नाही, हे प्रश्न आपण या महामार्गाबाबत मोकळेपणाने विचारले पाहिजेत, आणि त्यांची उत्तरे रस्त्यासाठी जमिनी दिलेल्या दहा जिल्ह्यांतल्या लोकांना मराठीत वाचायला मिळाली पाहिजेत.