न बोललेलं व्याख्यान

नमस्कार श्रोतेहो. मूळ संख्या म्हणजे काय, ते शाळेत झालंय. आज जरा दांडग्या संख्यांकडे वळू. दोनाचा कुठलातरी घात घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा. पाचवा घात ३२, उणे एक ३१. मूळ! अकरावा घात घेऊन एक वजा केला तर येतात २०४७, आणि ते निघतात २३ गुणिले ८९. म्हणजे दर वेळी जमतंच असं नाही. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ साली कुठले घात जमतात याची यादीच देऊन टाकली. तीत ६७ होता.

१८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी दाखवलं, ६७ चालत नाही. पण या संख्येचे अवयव कोणते? ते त्यांनाही सापडले नव्हते. पुन्हा सांगतो, संख्या फुटते हे पक्कं, पण तिचे तुकडे कुणाच्याच हाती नाहीत.

आता माझा लाडका किस्सा. ३१ ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथमॅटिकल सोसायटीची बैठक. अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांचं व्याख्यान. सांगतात ते असं, की कोल उठले, खडू घेतला आणि मुकाट्यानं दोनाचा ६७ वा घात काढला. एक वजा केला. फळ्यावर २१ अंक उभे राहिले: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. तोंडातून अक्षर नाही. मी इथं तसं केलं तर तुम्ही रेडिओचे सेल बदलायला उठाल! मग फळ्याच्या मोकळ्या भागात दोन संख्या आल्या, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. त्यांचा उभा गुणाकार, ओळीखाली ओळ, हातचे धरत धरत. उत्तर आलं तेच, अंकाला अंक जुळून. खडू ठेवला, जागेवर जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट! प्रश्न एकही नाही.

(आमच्याकडे ‘वेळेअभावी दोनच शब्द बोलतो’ म्हणणारे पाहुणे पाऊण तास माइक सोडत नाहीत. त्यांच्या हाती आधी खडू द्यावा.)

पुढं कुणीतरी विचारलं, किती वेळ लागला? कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

मर्सेन यांच्या यादीतला १२७ वा घात मात्र खरा निघाला. ती ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं ल्युका यांनीच १८७६ मध्ये हातानं सिद्ध केलं, आणि १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती. अशी संख्या मूळ आहे का हे ठरवायची त्यांची कसोटी पुढं अमेरिकन गणिती लेमर यांनी सुटसुटीत केली. चारापासून सुरुवात. वर्ग करा, दोन वजा करा, तपासायच्या संख्येनं भागा, बाकी ठेवा. ३१ साठी बघा: चाराचे १४, चौदाचे १९४, त्याला ३१ नं भागून बाकी ८, आठाचे ६२, बाकी शून्य. शून्य आलं की मूळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली, ४,१०,२४,३२० अंकांची संख्याही शेवटी याच कसोटीवर पक्की झाली.

कागद-पेन्सिल असेल तर सातवा घात १२८, उणे एक १२७, त्यासाठी करून बघा. बाकी येतील १४, ६७, ४२, १११, आणि पाचव्या खेपेला शून्य.