आकडा जातो, आवाज समोरच्याचा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मध्ययुगीन युद्धखेळ आणि खेळणाऱ्यांची बोली'. पुढच्या रांगेत आजी-आजोबा दिसतायत, मागे कॉलेजची पोरं बसलीयत. म्हणजे निम्म्यांना खेळ ठाऊक आहे आणि निम्म्यांना बोली. ही दोन माणसं एकमेकांना भेटावीत असं मला फार वर्षं वाटत आलंय, म्हणून आजचं बोलावणं आलं तेव्हा विषय लगेच सांगून टाकला.

खेळ कॉम्प्युटरवरचा, 'एज ऑफ एम्पायर्स टू'. १९९९ साली आला. टेक्सासमधल्या एन्सेम्बल स्टुडिओजनं तो केला, मायक्रोसॉफ्टनं बाजारात आणला. २००० साली 'द कॉन्करर्स' ही पुरवणी आली आणि माझी पिढी त्या पुरवणीवर पोसली. आजोबांसाठी दोन ओळीत सांगतो. सुरुवातीला मधोमध एक चावडी, तीन माणसं आणि टेहळणीला एक घोडेस्वार. अन्न, लाकूड, सोनं, दगड गोळा करायचे, अंधारयुगापासून चार युगं चढत जायचं, फौज उभी करायची आणि दुसऱ्याचं गाव लुटायचं. एका वेळी जास्तीत जास्त आठ जण. बुद्धिबळासारखी आळीपाळी नाही, सगळे एकदमच खेळतात. तुम्ही रानडुक्कर हाकत गावाकडे आणताय, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी तुमच्या लाकूडतोड्यावर धनुर्धारी सोडलेले असतात.

आणि या खेळात टोमणे आहेत. खेळताना चॅटमध्ये नुसता आकडा टाकून एंटर दाबायचं, की आवाज येतो. १ म्हणजे होय, २ म्हणजे नाही. ३ टाकला की अन्न द्या, ४ लाकूड, ५ सोनं, ६ दगड. ११ म्हणजे हसणं. १४ म्हणजे 'करा की सुरू आता'. १३ वर एक वाक्य आहे, त्याचा अर्थ 'हो, घाल खापर इंटरनेट कंपनीवर'. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचं तेव्हाचं आहे ते. २० म्हणजे 'माझी आजीसुद्धा याहून बरी लढेल'. २७ म्हणजे 'दोन तास खेळून असं मरायचं?' आणि ३० म्हणजे 'वोलोलो'.

मागून हात वर झालाय. मराठे कुठेयत, हेच ना? हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो आणि यायलाच हवा. मूळ खेळात आपली बाजू म्हणून निवडायला तेरा संस्कृती होत्या, त्यात भारतातलं कुणीच नव्हतं. 'इंडियन्स' म्हणून सगळ्यांचा मिळून एक गट २०१३ साली आला आणि २०२२ साली त्याचे हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड असे चार झाले. पण आपण बोलतोय त्या काळात हत्ती हवा असेल तर पर्शियन घ्यावे लागत. आमच्या हॉस्टेलवर निम्मी पोरं पर्शियन घ्यायची, ती हत्तीसाठी. गणपतीचं वाहन उंदीर असलं तरी आपल्याला हत्ती घरचाच वाटतो.

तर २००३ सालची गोष्ट. इंजिनिअरिंगचं हॉस्टेल, दुसरा मजला, आठ खोल्यांत आठ कॉम्प्युटर, मधल्या खोलीत सगळ्यांना जोडणारा हब, व्हरांड्यातून दारांच्या खालून गेलेल्या निळ्या केबली. हेडफोन कुणाकडेच नव्हते, सगळ्यांचे छोटे स्पीकर. त्यामुळे एकानं ११ दाबलं की आठही खोल्यांतून एकच हसणं एकदम उठायचं. एक हसणं आठ दारांतून व्हरांड्यात येतंय. मी नंतर पुष्कळ नाटकं पाहिली, पण प्रेक्षागृहातल्या हशानं तसा काटा अंगावर आला नाही.

आमचा लातूरकर पर्शियन घेऊन बसला होता. समोर नागपूरकर. लातूरकरानं कॅसल एजमध्ये, म्हणजे तिसऱ्या युगात, येऊन किल्ला बांधला आणि हत्ती काढायला घेतले. एक हत्ती म्हणजे दोनशे अन्न आणि पंचाहत्तर सोनं. चालतो बैलगाडीच्या गतीनं, पण मरता मरत नाही. सात हत्ती झाले. सात हत्ती ओळीनं नकाशा ओलांडताना बघणं हे सुख होतं, आणि लातूरकर आम्हाला हाका मारून दाखवत होता. नागपूरकर गप्प होता. तो गप्प बसला की काहीतरी शिजतंय हे आम्हाला कळायला हवं होतं.

त्यानं चार मंक बनवले होते. मंक म्हणजे साधू. तो लांबून हात वर करून मंत्र म्हणतो, आणि समोरचा सैनिक तुमचा रंग सोडून त्याचा रंग घेतो. बघता बघता निळे हत्ती लाल व्हायला लागले. चार गेले. मंकाला एकदा माणूस फिरवल्यावर दम खायला लागतो, म्हणून चारच. पण आता इकडे तीन हत्ती आणि तिकडे चार, आणि ते चार लातूरकराच्याच पैशानं बनलेले. मग नागपूरकरानं ३० दाबलं. आठ खोल्यांतून 'वोलोलो'. पाठोपाठ भिंतीपलीकडून त्याचा स्वतःचा आवाज, 'काऊन बे, हत्ती पोसले आमच्यासाठी?'

'वोलोलो' हा आवाज १९९७ च्या पहिल्या 'एज ऑफ एम्पायर्स'मधल्या पुजाऱ्याचा. दुसऱ्या खेळातला मंक वेगळंच काही पुटपुटतो, पण पोरांच्या तोंडी बसलेला जुना मंत्र टोमण्यांच्या यादीत राहिला. लोकगीताचं जुनं धृपद नव्या गाण्यात येऊन बसावं तसा.

आता लातूरकरानं काय करावं? रिझाइनचं, म्हणजे हार मानायचं, बटण समोरच होतं. त्यानं चॅटमध्ये रोमन अक्षरांत टाइप केलं, 'बचेंगे तो और भी लडेंगे'. पुढच्या रांगेला सांगायला नको. १० जानेवारी १७६०, बुराडी घाट, दत्ताजी शिंदे आणि कुतुबशहा. 'क्यों पटेल, और लडोगे?' या कुतुबशहाच्या डिवचण्याला दत्ताजींनी दिलेलं ते उत्तर, परंपरेनं आपल्यापर्यंत आलेलं. तिथं प्राण जात होता, इथं चार हत्ती गेले होते, दोन्हीची बरोबरी मी करत नाही. पण लातूरच्या पोराला हरायच्या क्षणी जे वाक्य सापडलं ते सव्वादोनशे-अडीचशे वर्षं त्याच्या घरात होतं, आणि नागपूरकरालाही ते वाचताक्षणी कळलं, कारण ते त्याच्याही घरात होतं. नागपूरकर पाच-दहा सेकंद काही बोललाच नाही. लातूरकरानं तेवढ्यात दोन माणसं नकाशाच्या कोपऱ्यात पळवली, झाडांमागे दुसरी चावडी उभी केली आणि तास-दीड तास सगळ्यांना झुंजवलं. शेवटी हरला. मग २७ वाजला, आणि सगळ्यांत मोठ्यानं लातूरकरच हसला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतोय ती गोष्ट. या टोमण्यांच्या फाइली प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर 'टाँट' नावाच्या फोल्डरमध्ये असायच्या, साध्या एमपीथ्री, नावाच्या आधी आकडा. तारेवरून आवाज जातच नसे. जायचा फक्त आकडा. तुम्ही २० पाठवलं की समोरच्याचं यंत्र त्याच्याच फोल्डरमधली विसावी फाइल वाजवायचं. हे आमच्या कोल्हापूरकराच्या लक्षात आलं आणि त्यानं एका रात्रीत मराठी टोमणे रेकॉर्ड केले. २० वर त्याच्या आवाजात, 'आमची आज्जी बी तुझ्यापेक्षा बरी लढंल रं!' ३ वर मेसमधल्या पंगतीची हाक, 'भात वाढा भात!' फ्लॉपीवर घालून तो खोलीखोलीत फिरला आणि फाइली बदलून आला. पुढचे पंधरा दिवस आम्ही अभ्यास म्हणून काही केला नाही.

मग पहिल्या वर्षाचा एक मुलगा खेळायला आला. सोलापूरकडचा, लाजरा. त्याचा कॉम्प्युटर नवा, फाइली मूळच्या इंग्रजी. खेळात त्याची माणसं मेली, कोल्हापूरकरानं २० दाबलं. सात खोल्यांत कोल्हापुरी आज्जी, आणि सात खोल्यांतून हसण्याचा लोट. त्याच्या खोलीत मात्र एक परका इंग्रज काहीतरी पुटपुटला. त्याला एवढंच कळलं की सगळे आपल्याला हसतायत आणि का ते आपल्याला माहीत नाही. त्यानं खेळ बंद केला, दिवा मालवला. आठवडाभर जेवायलाही आमच्या टेबलावर आला नाही.

टोमणा तोच, आकडा तोच. आम्ही त्याला फाइल दिली नव्हती. ते मला आजही लागतं. शेवटी लातूरकर फ्लॉपी घेऊन त्याच्या खोलीत गेला, आणि त्या रात्री त्यानं पहिल्यांदा ३ दाबलं. 'भात वाढा!' आम्ही सगळ्यांनी त्याला अन्न पाठवलं. खेळात हे पाठवायला बाजार बांधावा लागतो आणि वाटेत कर कापला जातो, तरी पाठवलं.

मला चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. जो मुद्दा तासभर मांडायचा होता तो आता पळत सांगतो.

चेष्टा पोचायला दोघांकडे एकच साठा लागतो. बोलणारा फक्त आकडा पाठवतो, आवाज ऐकणाऱ्याचा असतो. आपल्या कलगी-तुऱ्यात तुरेवाले शिवाच्या बाजूनं, कलगीवाले शक्तीच्या बाजूनं रात्र रात्र एकमेकांना सवाल घालायचे, ते चालायचं कारण पुराण दोघांनाही पाठ. मंगळागौरीत फुगडी घालताना सासर-माहेरची उणीदुणी निघतात, कुणी रुसत नाही, कारण दोन्ही घरं सगळ्याजणींना ठाऊक असतात. अनोळखी बाईनं तेच वाक्य बसमध्ये म्हटलं तर भांडण होईल.

दुसरं, या खेळात मागणं आणि टोमणा एकाच फळीवर ठेवलेत. ३ ते ६ मागायचे, ११ हसायचा. ज्याला मी २० म्हणून हसलो त्यालाच पाच मिनिटांनी ४ म्हणून लाकूड मागणार आहे, हे दोघांना माहीत असतं. टोमण्याला लगाम बसतो तो या उसनवारीमुळे. गावातही पाण्यावरून आणि बैलांवरून तसंच होतं.

तिसरं, पोरांनो, हे तुमच्यासाठी. या खेळाच्या २०१९ च्या नव्या आवृत्तीत, डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये, रँकच्या खेळाला गुण बघून यंत्रच जोडी लावतं. तुल्यबळ गडी मिळतो, खेळ सुंदर होतो. पण तो माणूस पुन्हा भेटेलच असं नाही. उद्या त्याच्याकडे लाकूड मागायचं नाही, जेवायला त्याच्या शेजारी बसायचं नाही. मग उरतं काय? शेवटी एक 'जीजी', म्हणजे 'गुड गेम', नाहीतर शिवी. शिवीला साठा लागत नाही, म्हणून ती सगळीकडे चालते.

तरी साठा मेलेला नाही. सामने बघणारे लोक आजही हसण्याच्या जागी ११ टाइप करतात. २०२२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यात या खेळाची स्पर्धा झाली, तिचं नाव 'रेड बुल वोलोलो'. पुजाऱ्याचा मंत्र किल्ल्यापर्यंत पोचला. आमचे मराठी टोमणे मात्र फ्लॉपीबरोबर गेले. कोल्हापूरकराकडेही आता ती फाइल नाही, मी विचारलं.

म्हणून दाराशी टेबलावर एक वही ठेवलीय. तुमच्या हॉस्टेलवर, सायबर कॅफेत, वाड्यात, पत्त्यांच्या डावात किंवा हुतूतूच्या मैदानात जे टोमणे चालायचे ते लिहा. गाव लिहा, साल लिहा, आणि उत्तर काय यायचं तेही लिहा. आजींनी फुगडीतले लिहावेत, हात कापत असेल तर मागच्या पोरांपैकी कुणीतरी लिहून घ्यावं. पेन दोन आहेत. पहिल्या पानावर २० आणि ३ मी लिहून ठेवलेत.