थांबायला वेळ नसलेले पाहुणे

नमस्कार मंडळी! पाखरं बघायची म्हटलं की आपल्याकडे सगळे डायरेक्ट भिगवण गाठतात, तेही डिसेंबर-जानेवारीत, पहाटे होडी, मग रोहित पक्ष्यांचे फोटो आणि येताना चिलापीची थाळी. झकास बेत आहे, माझी काही तक्रार नाही. पण खरं सांगू का, मला विचाराल तर सगळ्यात भारी सीझन त्याच्या आधीचा, गणपती ते दिवाळी आणि वर पंधरा-वीस दिवस, कारण तेव्हा असे पक्षी दिसतात की ज्यांना आपल्याकडे राहायचंच नसतं, ते फक्त जाता जाता टेकतात, किडे खातात आणि पुढे आफ्रिकेला चालू पडतात.

सीझन उघडतो तो करड्या धोब्यापासून. हा मात्र राहायला येतो हं. हिमालयाच्या बाजूने खाली उतरतो आणि सप्टेंबर लागला की ओढ्याकाठी, कधी सोसायटीच्या ओल्या गच्चीवरसुद्धा, पोटाखाली पिवळा आणि शेपटी सतत खालीवर. उडताना बारीक तीक्ष्ण आवाज करतो, तो आवाज एकदा कानात बसला की मान आपोआप वळते. बरेचदा तोच पक्षी दरवर्षी त्याच जागी परत येतो, एवढ्याशा बागेतसुद्धा. त्याच्या आगेमागे भोरड्या येतात, मध्य आशियातून, थव्याच्या थवे, त्यांच्याबद्दल ज्वारीवाल्या शेतकऱ्यांना विचारा, माझ्यापेक्षा जास्त आणि जरा कडक भाषेत सांगतील.

पण लक्षात राहिलेला पक्षी म्हणाल तर युरोपियन नीलपंख. सासवडच्या पुढे माळरानाच्या कडेला तारेवर बसला होता, आधी वाटलं आपला नेहमीचाच नीलपंख असेल, पण नेहमीच्याची छाती तपकिरी-जांभळट असते आणि याचं डोकं, गळा, पोट सगळं एकसारखं फिकट निळं, पाठ तेवढी विटकरी. गाडी बंद करून काच खाली घेतली आणि तसेच बसून राहिलो. तो सरळ खाली गवतात झेपावला, नाकतोडा उचलला, परत त्याच तारेवर येऊन दोनदा आपटला आणि गिळला. उडाला तेव्हा पंखांची कड काळी दिसली, आपल्या नीलपंखासारखे निळे पट्टे नाहीत, मग खात्रीच पटली. हे साहेब काश्मीर, मध्य आशिया वगैरे भागातून निघून आफ्रिकेत जाणारे, मधे काही दिवस आपल्या माळावर. ठिपकेवाला माशीमार पण असाच, कोकीळ नाही पण तिचा तो करडा नातेवाईक, युरोपात कुकू म्हणतात तो, तोही असाच. आणि ज्या माळावर हे उतरतात ना त्याला आपण पडीक म्हणतो, एनए प्लॉटचे बोर्ड लावून मोकळे होतो, असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर बोलायला लागलो तर आजचा वेळ पुरायचा नाही.

चातक बघा. मे-जूनमध्ये पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून येतो, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीला लागतो. पिल्लू वाढवलं सातभाईंनी, जे जन्मात आपली झुडपं सोडून लांब जात नाहीत, खऱ्या आईबापाची गाठ नाही, आणि तरी ते पिल्लू आपलं आपण निघतं आणि समुद्र ओलांडतं. मला तर हे अजून पचत नाही!

आणि आता, म्हणजे नोव्हेंबरात, अमूर ससाणा. जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी, सैबेरिया आणि चीनच्या ईशान्य भागात वाढतो, ऑक्टोबरात नागालँड-मणिपूरला लाखोंनी उतरतो, वाळवीला पंख फुटलेले असतात त्यावर ताव मारून अंगावर चरबी चढवतो आणि मग मध्य भारत, महाराष्ट्र करत थेट अरबी समुद्रावर. मधे टेकायला जागा नाही, मागून ईशान्येचे वारे ढकलतात, तरी तीनेक हजार किलोमीटरचं पाणी आहे ते, पलीकडे सोमालिया, आणि मुक्काम दक्षिण आफ्रिकेत. आपल्याकडचे चतुरही याच सुमारास याच वाऱ्यावर समुद्र ओलांडतात असं अभ्यासक मानतात, म्हणजे वाटेत डबाही सोबत असावा. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग धरणापाशी जाळी लावून हे ससाणे हजारोंनी मारले जात होते, बातमी जगभर गेली, आणि पुढच्याच वर्षी पांगती गावातल्या लोकांनी शिकार थांबवली. त्याच वर्षी तीन पक्ष्यांना सॅटेलाइट टॅग लावले, नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. गावाचं नाव घेऊन पक्षी आफ्रिकेत, काय सॉलिड!

लोणावळ्याच्या पठारावर ते दिसतात. उंचावर एकदम दहा-पंधरा, मग थोड्या वेळाने अजून, हवेतच चतुर पकडायचा, पाय पुढे घेऊन उडता उडताच खायचा, पंख इकडेतिकडे पडत राहतात.

५ नोव्हेंबर अरण्यावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा, म्हणून राज्यात हा आठवडा पक्षी सप्ताह. तेव्हा या वीकेंडला टायगर पॉइंटला गेलात तर मक्याचं कणीस खाता खाता जरा वर बघा. ऊन चढलं की सोपं जातं. खालून पंखाच्या आतली बाजू पांढरी आणि पाय लालसर दिसले तर तो अमूरचा नर, आणि आजूबाजूला माद्या असणारच, त्यांच्या पोटावर गडद ठिपके असतात, दुर्बीण घेऊन जा.