हिंचका आणि पाट

(दृश्य: दांडिया बाजारातल्या जुन्या घराची बैठक)

चपला उंबऱ्याबाहेर. आत पाऊल टाकलं की समोर हिंचका, म्हणजे झोपाळा. बडोद्याच्या मराठी घरात 'या, बसा' म्हटलं की पाहुणा आपसूक तिकडेच वळतो.

1734 मध्ये बडोदं गायकवाडांच्या हाती आलं. मागोमाग दख्खनेतून शिलेदार, कारकून, भिक्षुक येत राहिले. त्यांची बैठक जमिनीलगतची: पाट, चौरंग, सतरंजी. झोपाळा त्यांना अगदीच नवा नव्हता म्हणा. कोकणात तो पडवीत असतोच. पण ऐन बैठकीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या समोर तो टांगायचा, ही शेजारच्या गुजराती घरांची रीत.

(दृश्य: हिंचक्याचा दांडा, जवळून)

हा संखेड्याचा. बडोद्याहून साधारण 45 किलोमीटरवर हे गाव. तिथले खरादी सागवान लेथवर फिरवतात, कलईची नक्षी काढतात, त्यावर लाख चढवतात. केवड्याच्या पानानं ती सारखी करायची आणि अकीकाच्या दगडानं घोटायची. घोटल्यावर कलईची नक्षी सोन्यासारखी दिसायला लागते. साखळ्या पितळेच्या, मधे मोर नाहीतर हत्ती. दिवाळीआधी त्या उतरवून चिंचेनं घासणं हे घरातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि ते बहुतेक धाकट्यांच्याच गळ्यात पडतं.

केर काढणाऱ्याला विचाराल तर तो हिंचक्यालाच मत देईल. खाली पायच नाहीत, केरसुणी आरपार जाते. सोफ्याखाली काय काय साठतं, ते सोफा हलवल्याशिवाय कळत नाही.

पाटाचं सोवळं मात्र वेगळं. पाट मांडायचा तर आधी जमीन पुसलेली हवी. पंगत उठली की खरकटं गोळा करायचं आणि जागा पुन्हा पुसायची. पूर्वी शेणगोळा फिरायचा, आता ओलं फडकं. हिंचक्यावर एवढा कडकपणा नाही. चहा चालतो, रविवारचा फाफडाही चालतो. भाताचं ताट घेऊन कुणी बसलं, की आजी स्वयंपाकघरातून हाक मारतेच.

नव्या फ्लॅटमध्ये बैठक आखूड झाली आणि हिंचका बाल्कनीत गेला. त्याच्या कड्या स्लॅब भरतानाच ठरवाव्या लागतात, म्हणून बुकिंग करतानाच लोक बिल्डरला सांगून ठेवतात. पाटांबद्दल असं कुणी विचारत नाही. ते माळ्यावर असतात. गणपतीत आणि श्राद्धाला खाली उतरतात, पुसले जातात, पुन्हा वर जातात.