आधी टीव्ही, मग पार्टी : बर्लुस्कोनीची गोष्ट

तर मंडळी, नव्वदच्या दशकात नागपूरच्या महाल-इतवारीत ज्यांच्या घरी केबल होतं त्यांना आठवत असेल, केबलवाला रात्री व्हीसीआरमध्ये कॅसेट टाकायचा आणि अख्खी गल्ली एकच पिक्चर पाहायची. तेवढं डोक्यात ठेवा, कारण मी ज्या माणसाबद्दल सांगून राहिलो त्यानं हे आख्ख्या इटलीत करून दाखवलं, तेही 1980 च्या सुमारास.

सिल्विओ बर्लुस्कोनी, जन्म 1936, गाव मिलान. धंदा बिल्डरचा. मिलानो दुए नावाची मोठी कॉलनी बांधली, तिथल्या केबल चॅनलपासून टीव्हीची सुरुवात. देशभर लाइव्ह दाखवायचा हक्क तेव्हा फक्त राई नावाच्या सरकारी टीव्हीला, खासगीवाल्यांनी आपापल्या भागापुरतं दाखवायचं. यानं काय केलं, एकाच प्रोग्रामच्या कॅसेटी ठिकठिकाणच्या स्टेशनांना आधीच पाठवल्या आणि सगळ्यांनी एकाच वेळी लावायच्या, म्हणजे कागदावर लोकल अन् पाहणाऱ्याला नॅशनल. 1984 ला तीन ठिकाणच्या न्यायाधीशांनी हे बंद पाडलं, तर त्याचे दोस्त पंतप्रधान क्राक्सी यांनी काही दिवसांत वटहुकूम काढून चॅनलं परत सुरू करून दिली. मला विचाराल तर त्याचं राजकारण इथूनच सुरू झालं.

पुढं 1992 पासून लाचखोरीच्या तपासात जुने पक्ष कोसळले, क्राक्सींचाही. 26 जानेवारी 1994 ला सगळ्या चॅनलांकडे सुमारे नऊ मिनिटांची टेप गेली, टेबलामागं सूटातला माणूस, पाठीशी पुस्तकांचं कपाट, घरच्यांचे फोटो, म्हणतो मी राजकारणात उतरतोय. पुन्हा कॅसेटच, बघा. पक्षाचं नाव फोर्झा इटालिया, म्हणजे 'चल इटली', मैदानात टीमसाठी ओरडतात तसं. कार्यकर्ते कुठून आणले? त्याच्या जाहिरात कंपनीची सेल्सची माणसं देशभर फिरलेली होतीच, त्यांनीच उमेदवार शोधले, कॅमेऱ्यासमोर बसवून पारखले. आपल्याकडे पंधरा वर्षं सतरंज्या उचलून नगरसेवकाचं तिकीट मिळत नाही, तिथं दोन महिन्यांत निवडणूक जिंकली.

पहिलं सरकार डिसेंबरातच पडलं. पण 2001 ला परत आला, 2008 ला परत, मिळून नऊ वर्षांहून जास्त पंतप्रधान. 2013 ला करचुकवेगिरीची शिक्षा कायम झाली, सिनेटमधून, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातून, काढलं, आणि 2022 ला वयाच्या 85 व्या वर्षी तिथंच निवडून आला. जून 2023 ला वारला तेव्हा त्याचा पक्ष पंतप्रधान जॉर्जिया मेलोनींच्या सरकारात होता.

मघाशी एका काकूंनी विचारलं, लोकांना कळत नव्हतं का हो? काकू, कळत होतं. मला राग येतो तो विरोधकांचा. 1996 ते 2001 पूर्ण पाच वर्षं ते सत्तेत होते, चॅनलचा मालक पंतप्रधान होऊ नये असा कायदा करायला त्यांचा हात कोणी धरला नव्हता, तरी केला नाही. आणि 2001 ला तो जिंकला तेव्हा घरची तीन चॅनलं त्याच्याकडे होतीच, वरून सरकारी राईही त्याच्याच सरकारच्या हाताखाली आली.