पंधराव्या वर्षी मंडळी मुलांना काय देते?

ल्यूथरन मंडळीत, म्हणजे ल्यूथरन चर्चमध्ये, तान्हेपणी बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी झाल्यावर शिकवणी घेऊन आपला विश्वास स्वतः कबूल करतात, त्याला दृढीकरण म्हणतात. ज्याच्या नावाने ही मंडळी ओळखली जाते, त्या मार्टिन ल्यूथरनेच १५२२ साली दृढीकरणाला ‘माकडचेष्टा’ म्हटलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या लेखी संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. बिशपने कपाळाला तेल लावल्याने बाप्तिस्म्यात काही भर पडते, हे त्याला मान्य नव्हतं. वसईकडच्या कॅथलिक श्रोत्यांना दृढीकरण म्हटलं की तोच विधी आठवेल. ल्यूथरन मंडळीत मात्र तो संस्कार नाही आणि बिशपची वाटही बघावी लागत नाही. गावचा पाळकच डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो.

मग प्रथा परत आली कशी? टीकाकारांमुळे. जर्मनीतल्या हेसे प्रांतात अ‍ॅनाबाप्टिस्ट, म्हणजे बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा असं मानणारे लोक विचारायचे, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देता, त्याला कुणी विचारलं? प्रश्न बिनतोड होता. १५३९ मध्ये मार्टिन बुत्सर या धर्मसुधारकाने झीगेनहाइन गावच्या चर्च-नियमावलीत त्यावर तोडगा काढला. बाप्तिस्मा लहानपणीच द्यावा, पण मूल जाणतं झालं की त्याला नीट शिकवावं आणि मग मंडळीसमोर त्याने आपल्या तोंडाने विश्वास कबूल करावा.

पुढे राजांनी यात हात घातला. डेन्मार्क-नॉर्वेत १७३६ साली दृढीकरण कायद्याने सक्तीचं झालं. ते नाही तर लग्न नाही. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरावली वाचता यायला हवी, म्हणून तीनच वर्षांनी नॉर्वेच्या खेड्यापाड्यांत शाळा काढायचा हुकूम निघाला. साक्षरतेचं पुण्य पदरात पडलं खरं, पण धाकाने वदवून घेतलेल्या कबुलीला कबुली म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही.

आता फिनलंड बघा. तिथे आज कसलीही सक्ती नाही, तरी पंधरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलं ‘रिप्पिकोउलु’ला, म्हणजे दृढीकरणाच्या शिकवणीला जातात. शिकवणी बरेच महिने चालते, पण मुलं बोलतात ते आठवडाभराच्या शिबिराबद्दल. तळ्याकाठी मंडळीचं शिबिरघर. सकाळी वर्ग: दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, मरण, प्रेम. दुपारी पोहणं. संध्याकाळी सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, आणि शेकोटीपाशी नाटुकल्या. या नाटुकल्या बसवणारे असतात सोळा-सतरा वर्षांचे मदतनीस. आदल्या एखाद्या उन्हाळ्यात ते स्वतः याच बाकांवर बसलेले असतात आणि मधल्या काळात त्यांनी वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असतं. लहान गटांतली चर्चा तेच चालवतात. घरच्या आठवणीने मुसमुसणाऱ्या मुलाजवळ पाळकाच्या आधी पोचायचं, तर तेही त्यांनाच जमतं.

माझ्या मते दृढीकरणाचं मोल इथे आहे. पांढरा झगा, फोटो, नातेवाइकांची पाकिटं हे एका दिवसाचं. पाकिटांसाठी येणारी मुलंही असतात आणि पुढे कित्येक जण चर्चची पायरी चढत नाहीत. तरी मंडळी त्यांना विश्वासाने काहीतरी सोपवते. दृढीकरण झालं की दुसऱ्याच्या बाळाची धर्ममाता किंवा धर्मपिता होता येतं. सोळाव्या वर्षी मंडळीच्या निवडणुकीत मत देता येतं. देशाच्या निवडणुकीसाठी अठरापर्यंत थांबावं लागतं! चर्च न मानणाऱ्या फिनिश लोकांनाही हे पटलेलं दिसतं. त्यांनी १९८९ पासून ‘प्रोमेथेउस’ नावाची शिबिरं सुरू केली. धर्म वगळला, शिबिर ठेवलं.

आपल्या मराठी मंडळ्यांत ल्यूथरन फारसे नाहीत, पण प्रश्न ओळखीचा आहे. संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून बक्षिसं घेतलेली मुलं दहावीनंतर कुठे जातात? क्लासला, असं आपण म्हणतो. जातातही. पण मंडळीत त्यांच्यासाठी आपण काम काय ठेवलंय? नाताळात चांदण्या टांगणं आणि खुर्च्या मांडणं. त्याऐवजी पुढच्या वर्षी संडे स्कूलचा एखादा वर्ग दहावी झालेल्या दोघांकडे देऊन बघा. पाळकांनी हवं तर मागे बसावं, बोलू मात्र त्यांना द्यावं.